रसातून वळणारा किरण: गुऱ्हाळासाठी ब्रिक्समापक (प्रकल्प नोंदी)

१० नोव्हेंबर २०२४

मामाच्या गुऱ्हाळावर यंदा दोन फडांचा ऊस येणार: एक आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, को ८६०३२ जातीचा; दुसरा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. आधी कुठल्या फडाला कोयता लावायचा हे रस बघून ठरवायचं आहे. मामाकडचा जुना हात-रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर प्रकाशाने मोजायचं यंत्र, धूसर झालाय, आतली रेघ आता कुणालाच दिसत नाही. नवा मिळतो, फार महागही नसतो. पण मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं प्रिझम पुसत आलेय. एखादं यंत्र स्वतः करून बघावं असं कधीचं मनात होतं. मामा म्हणाला, "कर की. पण हंगाम सरायच्या आत दे म्हंजे झालं."

तत्त्व सरळ आहे. पाण्यात साखर विरघळली की त्यातून जाणारा प्रकाश आणखी मंदावतो, आणि जास्त मंदावला की जास्त वळतो. वळण मोजलं की साखर कळते. २० अंश सेल्सिअसला सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, १.३३३०. शंभर ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर असेल, म्हणजे २० ब्रिक्स, तर १.३६३८. एका ब्रिक्सच्या वाट्याला जेमतेम ०.००१५ येतात. एवढासा फरक पकडायचा आहे.

ब्रिक्स हा मूळचा प्रकाशाचा माणूस नव्हे. अडॉल्फ ब्रिक्स हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन अभियंता. त्याने तक्ते केले ते साखरपाण्याच्या घनतेचे. प्रकाशवाल्यांनी त्याची मोजपट्टी पुढे उसनी घेतली.

१३ नोव्हेंबर

आधी साधी रीत. प्लॅस्टिकची अर्धगोल डबी, त्यात पाणी, खाली कागदावर छापलेला कोनमापक, लाल लेसर. किरण सपाट बाजूच्या बरोबर मध्यावर सोडायचा. तिथे तो वळतो आणि मग त्रिज्येच्या रेषेतच बाहेर पडतो, म्हणून गोल बाजूवर दुसऱ्यांदा वळत नाही. अर्धगोल घ्यायचा तो एवढ्यासाठीच.

३० अंशांनी शिरलेला किरण पाण्यात २२ अंशांवर. ६० ला साडेचाळीस. ८० ला साडेसत्तेचाळीसच्या आसपास. आपतन कोनाच्या साइनला अपवर्तन कोनाच्या साइनने भागलं की दर वेळी १.३३ च्या जवळपास.

हेच मोजमाप दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने केलं होतं आणि त्याचा तक्ता आजही उपलब्ध आहे. ६० अंशाला त्याने ४०.५ लिहिलंय, अगदी बरोबर. ८० ला मात्र ५०, खरं तर ४७.६ हवं. त्याच्या आकड्यांतली वाढ लावून बघितली: ८, साडेसात, सात, साडेसहा, सहा, साडेपाच, पाच, साडेचार. दर पायरीला बरोबर अर्ध्याने कमी! मोजलेले आकडे इतके शिस्तीत उतरत नाहीत. पठ्ठ्याने आधी हिशेब ठरवून मग आकडे त्यात बसवलेत, असं माझं मत. साइनचा नियम त्याच्या हातून निसटला तो निसटलाच. बगदादच्या इब्न सहलकडे तो ९८४ च्या सुमारास होता, लायडनच्या स्नेलला १६२१ मध्ये पुन्हा सापडला पण त्याने छापला नाही, आणि छापील रूपात तो आला १६३७ मध्ये देकार्तच्या हातून.

आपल्या कामाला ही रीत उपयोगी नाही. ६० अंशाला वाचताना अर्धा अंश इकडे-तिकडे झाला तर अपवर्तनांक ०.०१४ ने हलतो. म्हणजे नऊ-दहा ब्रिक्स! अख्खा ऊस पिकून जाईल तेवढ्यात. कोनमापकाऐवजी लांब अंतर हवं: किरण दूरच्या भिंतीवर सोडायचा आणि तिथे मिलिमीटर मोजायचे.

१७ नोव्हेंबर

पोकळ प्रिझम. सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या, ७५ बाय २५ मिलिमीटरच्या, उभ्या करून त्रिकोणी डबी केली. खाली काचेचा तुकडा, कडांना मासे पाळायच्या टाकीचं सिलिकॉन. तिन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या, त्यामुळे कोन आपोआप ६० अंशाचा येतो. प्रयोगशाळेच्या स्पेक्ट्रोमीटरवर तपासला, ठीक आहे. आत साधारण २० मिलिलिटर रस मावतो.

शिपाईमामांनी विचारलं, काचेनेही किरण वळणारच ना, मग साखरेचा हिशेब कसा लागणार? प्रश्न रास्त. पण काचपट्टीच्या दोन्ही बाजू समांतर असतात. किरण तिच्यात शिरताना जेवढा वळतो तेवढाच बाहेर पडताना उलटा वळतो. जागेवरून किंचित सरकतो, दिशा बदलत नाही. म्हणून वळणाचं श्रेय फक्त आतल्या द्रवाला. काचपट्टीच दोन टोकांना कमीजास्त जाडीची असेल तर मात्र गडबड. रिकामा प्रिझम किरणात ठेवून फिरवला. भिंतीवरचा ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे पट्ट्या चांगल्या निघाल्या.

सिलिकॉन वाळायला दोन रात्री.

१९ नोव्हेंबर

पाणी भरलं. प्रिझमपासून भिंत २ मीटर. भिंतीवर आलेख कागदाची लांब पट्टी, प्रिझम नसताना ठिपका पडतो तिथे शून्य.

हा भाग सविस्तर लिहून ठेवते, कारण सगळं यावर आहे. प्रिझम किरणात ठेवला की ठिपका एकदम बाजूला उडी मारतो, मीटरभर दूर. आता प्रिझम हळूहळू फिरवायचा. ठिपका शून्याकडे सरकायला लागतो. भराभर, मग सावकाश, मग रेंगाळतो, आणि प्रिझम त्याच दिशेला फिरत असूनही ठिपका थबकून माघारी वळतो. जिथे थबकला ते किमान विचलन. या जागी किरण प्रिझमच्या आत पायाला समांतर जातो, शिरताना आणि निघताना सारखाच वळतो. सोय अशी की इथे प्रिझम थोडा कमीजास्त फिरला तरी ठिपका फारसा हलत नाही; हाताची थरथर माफ. बाकी कुठल्याही जागी मोजलं असतं तर प्रिझम किती फिरवला याचाही हिशेब ठेवावा लागला असता.

हिशेब: प्रिझमचा कोन आणि विचलन यांची बेरीज करून निम्मी करा, तिचं साइन काढा, त्याला निम्म्या प्रिझमकोनाच्या साइनने भागा. ६० अंशाच्या प्रिझमला तर भागायचंही काम नाही, नुसतं दुप्पट करायचं.

पाण्याचा ठिपका ८६८ मिलिमीटरवर. म्हणजे विचलन साडेतेवीस अंशांना किंचित कमी, अपवर्तनांक १.३३१. पुस्तकातला १.३३३० पिवळ्या प्रकाशाचा आहे, लाल प्रकाशाला तो थोडा कमीच असतो. बरोबर आलं.

२१ नोव्हेंबर

साखरपाणी. इथे बीएस्सीच्या पोरांना आधीच बजावलं: १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर म्हणजे २० ब्रिक्स नव्हे, ते पावणेसतरा होतात. २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी असं हवं, आणि दोन्ही वजनावर. मापी भांड्याने नाही.

१० ब्रिक्स: ९१५ मिलिमीटर. २०: ९६८. ३०: १०२७. म्हणजे एका ब्रिक्सला पाच-सहा मिलिमीटर! डोळ्यांनी आरामात दिसतात. ठिपकाच तीन-चार मिलिमीटरचा आहे, त्यामुळे त्याचा मध्य पकडायला सवय लागते, तरी अर्ध्या ब्रिक्सपर्यंत खात्री वाटते.

वाढ एकसारखी नाही: पहिल्या दहाला ४७, पुढच्याला ५३, त्यापुढच्याला ५९. मोजपट्टी सारख्या अंतराने आखून चालणार नाही.

एक गंमत. ३० चं द्रावण ओतलं तेव्हा प्रिझममध्ये तळाला आधीच्या वेळचं पाणी थोडं राहिलं होतं. ठिपका गोल न राहता उभी, लांबुळकी रेघ झाला. आतलं द्रावण नीट मिसळलेलं नव्हतं. खालून वर गोडी बदलत होती आणि किरण आडवा वळता वळता उभाही वळत होता. ढवळल्यावर पुन्हा गोल ठिपका.

मग राहवेना. माशांच्या रिकाम्या टाकीत निम्मं पाणी घेतलं आणि नळीने तळाशी हळूच घट्ट पाक सोडला. रात्रभर हलवलं नाही. सकाळी आडवा लेसर सोडला तर किरण सरळ जाईना, टाकीतच बाक घेऊन खाली उतरला. कुठे कोपरा नाही, सांधा नाही. दोन पदार्थांच्या सीमेवर एकदम वळतो तोच प्रकाश, पण सीमाच नसली, गोडी थराथराने वाढत गेली, की तोही थराथराने वळतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं ते याच कारणाने, फक्त तिथे तापलेली पातळ हवा खाली असते म्हणून बाक वरच्या बाजूला. प्रकल्पाशी याचा संबंध नाही, पण पोरांनी मोबाइलवर फोटो काढून काढून टाकीभोवती गर्दी केली.

२४ नोव्हेंबर

शेजारच्या विभागातून हिरवा लेसर मागून आणला. प्रिझममध्ये शुद्ध पाणी, लाल ठिपका ८६८ वर. हिरवा लावला: ८८०.

बारा मिलिमीटर. लाल लेसरसाठी आखलेल्या पट्टीवर हे पाणी अडीच ब्रिक्स गोड झालं! साखरेचा कण नाही.

कारण ठाऊक असलं तरी पट्टीवर बघताना चपापायला होतं. पाणी काय, काच काय, यांच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाला सगळ्यात जोरात दाद देतात. हिरवा प्रकाश लालपेक्षा त्या बाजूला जवळ, म्हणून त्याला जास्त अडथळा, म्हणून तो जास्त मंद आणि जास्त वळलेला. याचंच नाव अपस्करण, आणि इंद्रधनुष्यही यातूनच. तेव्हा ब्रिक्सच्या यंत्रात कुठला रंग वापरला हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सगळे तक्ते सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्यावर बांधलेत ते यासाठीच. आपण लाल धरला आहे, आणि पट्टी आपल्याच साखरपाण्यावर आखणार. मग तक्त्याची गरज नाही. लेसर बदलला तर पट्टी पुन्हा आखायची, हे डबीवर लिहून चिकटवलं.

२८ नोव्हेंबर

एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मंद झाला हे ठीक, पण मंद झाला म्हणून वळायचं का?"

तिला फळ्यावर लाटांच्या रेघा काढून दाखवल्या. तिरकी येणारी लाट. तिचं एक टोक आधी पाण्यात शिरतं आणि मंदावतं, दुसरं टोक अजून हवेत, पूर्ण वेगात. पुढे गेलेलं टोक रेंगाळतं, मागचं गाठतं, सगळी रेघच फिरते. सरळ, लंबरेषेवरून शिरली तर दोन्ही टोकं एकदमच मंदावतात, म्हणून वळण नाही.

हे इतकं सहज सांगता येतं, पण न्यूटनच्या कणांच्या कल्पनेप्रमाणे प्रकाश पाण्यात हवेपेक्षा वेगाने जायला हवा होता. पाणी कणांना ओढून घेतं, असा त्याचा तर्क. वळणाचा कोन दोन्ही कल्पनांतून तोच निघतो. त्यामुळे नुसता कोन मोजून हा वाद मिटणारा नव्हता, वेगच मोजावा लागला. तो १८५० मध्ये पॅरिसला फूकोने फिरत्या आरशाने ताडून पाहिला आणि प्रकाश पाण्यात मंद निघाला. एवढ्या साध्या गोष्टीला जवळपास दीड-दोनशे वर्षं!

१ डिसेंबर

प्रिझम, लेसर, पट्टी घेऊन गुऱ्हाळावर. चरक सुरू, चुलवाण पेटलेलं, काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, मळी काढायचं काम चाललेलं.

मामाने चरकाखालून ताजा रस दिला. फडक्यातून गाळून प्रिझममध्ये ओतला. लेसर लावला तर किरण रसाच्या आत हिरवट धुक्यात दिव्यासारखा उजळला आणि पलीकडे जवळपास काहीच आलं नाही. चिपाडाचे बारीक कण, माती, मेण, फेस. सगळे प्रकाश चहूकडे उधळतात. किरण प्रिझमच्या टोकाकडे सरकवला, जिथे रसातून जायचं अंतर दोन-तीन मिलिमीटरच आहे. तिथून अंधूक ठिपका आला, पण सहा इंच फुगलेला. त्याचा मध्य कुठला धरायचा?

शिवाय २ मीटरवर अंधारी भिंत तिथे नाहीच. ऊन आहे, धूर आहे, चिपाडाची गाडी मध्येच येते. मामा बाजूला उभा राहून बघत होता. "अगं, ह्यो ठिपका बघून ऊस तोडायचा व्हय? तवर कारखान्याची टोळी येऊन ऊस घिऊन जाईल की!"

काहिलीवर गूळ करणाऱ्या गुळव्या आप्पांनी तेवढ्यात हातावर रसाचा थेंब घेतला, जिभेला लावला आणि म्हणाले, "अठरा." मी बाटली भरून कॉलेजला आणली, रात्रभर थंडीत निवळली, वरचा स्वच्छ रस प्रिझममध्ये मोजला. साडेअठरा.

५ डिसेंबर

रसाच्या आरपार प्रकाश नेण्याचा हट्ट सोडायचा. मामाच्या जुन्या यंत्रात दोन थेंब पुरायचे ते कसे, याचा विचार सुरू.

उत्तर क्रांतिक कोनात आहे. काचेतून रसाकडे जाणारा प्रकाश फार तिरका असेल तर तो रसात शिरतच नाही. सीमेवरून सगळाच्या सगळा काचेत परततो. पूर्ण आंतरिक परावर्तन. कुठल्या कोनापासून परततो, हे रसाच्या अपवर्तनांकाला काचेच्या अपवर्तनांकाने भागलं की कळतं. आपल्या प्रयोगशाळेचा साधा क्राउन काचेचा प्रिझम घेतला, १.५१७ चा, तर पाण्याला हा कोन ६१.५ अंश येतो आणि २० ब्रिक्सला ६४. रस गढूळ असो की काळा, प्रकाश त्यात प्रवास करतच नाही. सीमेपलीकडे त्याची पोहोच एका लाटेच्या लांबीच्या आसपास, तेवढ्यात चिपाडाचा कण काय बिघडवणार.

एकच किरण सोडायचा नाही, सगळ्या कोनांतून सोडायचे. मग एका बाजूचे सगळे परत येतात, दुसऱ्या बाजूचे बरेचसे रसात निसटतात. मध्ये उजेड-अंधाराची रेघ. तीच मोजायची.

८ डिसेंबर

जोडणी. ६० अंशाचा काचेचा प्रिझम, एक बाजू वर आडवी: त्यावर रसाचे थेंब. डावीकडच्या बाजूला ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि मागे लाल एलईडी, म्हणजे प्रकाश सगळ्या दिशांनी पसरून आत येतो. उजव्या बाजूसमोर पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यात २०० मिलिमीटर केंद्रांतराचं बहिर्वक्र भिंग आणि भिंगापासून बरोबर २०० मिलिमीटरवर पारदर्शक फिल्मवर छापलेली पट्टी. पट्टीच्या मागे घड्याळजीचं भिंग, डोळा लावायला. भिंगामुळे एका कोनातले सगळे किरण पट्टीवर एकाच जागी येतात, त्यामुळे रेघ तीक्ष्ण दिसते.

आधी पांढरा एलईडी लावून बघितला. रेघ दिसली, पण तिच्या काठाला एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला तांबूस झालर. पुन्हा तेच अपस्करण. चांगल्या प्रयोगशाळेतल्या आबे पद्धतीच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ही झालर मिटवायला वेगळे प्रिझम बसवलेले असतात. आपल्याला लाल एलईडी पुरे.

झाकणाची गोष्ट नंतर लक्षात राहावी म्हणून लिहिते. थेंबावर काळं झाकण हवंच. उघडं ठेवलं तर वरून आकाशाचा प्रकाश थेंबातून काचेत उतरतो, आणि तो नेमका क्रांतिक कोनाच्या आतल्या बाजूलाच भरतो. अंधारी बाजू उजळते, रेघ पुसली जाते. बाजारातलं यंत्र याच्या उलट बेतलेलं: तिथे बाजूने दिवा नाहीच, फक्त झाकणातून आलेला उजेड रसातून काचेत येतो, आणि तो क्रांतिक कोनापलीकडे जाऊ शकत नाही म्हणून तिकडची बाजू निळी, अंधारी दिसते. रेघ दोन्हीकडे एकाच जागी.

१५ डिसेंबर

पट्टी आखली. पाणी ते १० ब्रिक्स सव्वासहा मिलिमीटर, १० ते २० सात, २० ते ३० सव्वाआठ. घड्याळजीच्या भिंगातून एका ब्रिक्सचा भाग नीट फोडून वाचता येतो. ४० पर्यंत आखून ठेवली.

ओळखीतल्या एका शेती-अधिकाऱ्यांचा चांगला हात-रिफ्रॅक्टोमीटर तासाभरासाठी मिळाला. पाच वेगवेगळ्या रसांवर दोघांत फरक जास्तीत जास्त अर्ध्या ब्रिक्सचा. समाधान आहे.

२२ डिसेंबर

फडात. उसाच्या बुडख्याकडचं एक पेर आणि शेंड्याकडचं एक पेर, दोन्हीचे थेंब वेगवेगळे. पक्व उसात दोन्हीकडची गोडी जवळजवळ सारखी होते. कच्च्या उसात शेंडा मागे राहतो. म्हणून एका आकड्यापेक्षा दोघांचं गुणोत्तर बघायचं.

खोडवा: बुडखा २०.५, शेंडा १९. आडसाली: बुडखा १९.५, शेंडा १५. नुसता बुडखा मोजला असता तर दोन्ही फड सारखेच वाटले असते. मामाने डोळा लावून स्वतः वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि काही न बोलता टोळीच्या मुकादमाला फोन लावला: आधी खोडवा.

दुपारी रसाचं तापमान ३१ अंश. पट्टी २० अंशाची. द्रव तापला की फुगतो, विरळ होतो, अपवर्तनांक उतरतो. या पट्ट्यात दर अंशाला ०.०७ ते ०.०८ ब्रिक्स कमी दिसतात. म्हणजे दुपारच्या वाचनात पाऊण-एक ब्रिक्स मिळवायचे. वरचे आकडे मिळवून लिहिलेत. दुरुस्तीचा छोटा तक्ता लॅमिनेट करून पाइपला बांधला.

२९ डिसेंबर

आता काहिलीतला रस. उकळता थेंब सरळ काचेवर ठेवला तर रेघ एका जागी ठरतच नाही. आधी खूप खाली, मग थेंब निवतो तशी वर सरकते, आणि निवून झाल्यावरही सरकतच राहते, कारण तेवढ्यात पाणी उडून थेंबच घट्ट झालेला असतो. उपाय: स्टीलच्या वाटीत रस, वर झाकण, वाटी पाण्याच्या परातीत. पूर्ण निवल्यावर मोजायचा.

काकवी पट्टीबाहेर जाते. तिच्यात वजनाने तेवढंच पाणी मिसळून मोजली: ३६. दुप्पट करून ७२. चूकही दुप्पट होते, पण काकवीला एवढं चालतं.

गुळाच्या शेवटच्या टप्प्याला मात्र हे यंत्र नाही. ८५ ब्रिक्सच्या आसपास पाकाचा अपवर्तनांक दीडला पोहोचतो, म्हणजे काचेच्या अगदी जवळ. त्यापुढे काचेची बरोबरी केली की प्रकाश परतायला कारणच उरत नाही आणि रेघ नाहीशी होते. शिवाय तो पाक निवता निवताच गोठतो. तिथे आप्पांचीच रीत: पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळते का बघायची. थर्मामीटर लावून बघितला, त्यांनी काहील उतरवायला सांगितली तेव्हा ११८ अंश होते.

५ जानेवारी २०२५

शिळ्या उसाचं प्रकरण. तोडून चार दिवस बांधावर पडलेली एक गाडी आली. यंत्रावर २२.५, आजवरचा सगळ्यात वरचा आकडा. मामा खूश. गुळव्या आप्पा ऊस बघूनच नाही म्हणाले, तरी एक आधण घातलं. गूळ बसेना, मऊ, चिकट, रवा, म्हणजे गुळाची ढेप, आकार धरेना.

यंत्र चुकलेलं नाही. पडून राहिलेल्या उसातलं पाणी उडतं, म्हणून रस घट्ट. आणि आतली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. प्रकाशाला त्याचं सोयरसुतक नाही: काय विरघळलंय हे तो बघत नाही, किती विरघळलंय एवढ्यावरच वळतो. क्षार असले तरी ते ब्रिक्समध्येच धरले जातात. गुळाचा कण बांधायला मात्र अख्खी साखरच लागते.

अख्खी साखर किती हे कळायला वेगळी गोष्ट मोजावी लागते: ध्रुवीभूत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचं प्रतल किती फिरतं. साखर ते उजवीकडे फिरवते, फुटलेल्या साखरेचं मिश्रण डावीकडे. कारखान्यात पोल म्हणतात ते हेच. हे फिरणं मोजणारा जुना पोलरीमीटर कॉलेजात आहे. या रसाचा नमुना गोठवून ठेवलाय, सुट्टी संपली की लावते.

१२ जानेवारी

संक्रांतीमुळे गुऱ्हाळ दिवसरात्र चालू. यंत्र तिथेच ठेवलंय. प्रिझमच्या वरच्या बाजूवर बारीक ओरखडे यायला लागलेत; उसाच्या रसातली वाळू. थेंब पुसायच्या आधी पाण्याने धुवायचा, कोरड्या फडक्याने घासायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं. एलईडीची बॅटरी काढता येईल अशी करायची आहे. ट्रेसिंग पेपर रसाने ओला होऊन निघतो. त्याऐवजी काचेची ती बाजूच घासून दुधी करावी का, ते बघते. आणि मामाची मागणी: पाइपला पट्टा लाव, फडात हिंडताना गळ्यात अडकवायचा आहे. शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानेही एक सांगितलाय. त्याच्यासाठी प्रिझम कॉलेजचा देता येणार नाही, विकत आणावा लागेल.